सातबाऱ्यावर पोटखराबा आणि हंड्यात पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या जिल्हा पानावर दोन बातम्या एकमेकीला खेटून छापून आल्या. एक, डोंगरातल्या वाड्यांना टँकर सुरू झाल्याची. दुसरी, पठारावरच्या ‘उजाड, ओसाड’ जमिनीवर येत्या पावसाळ्यात झाडं लावायच्या मोहिमेची, सोबत कुदळी घेऊन उभ्या चार माणसांचा फोटो. दोन्ही बातम्या दोनदा वाचल्या आणि तेवढ्यात चहा गार झाला. कारण मी त्या टँकरवाल्या वाडीतलाच आहे आणि ते उजाड ओसाड म्हणजे आमच्या डोक्यावरचं पठार. त्या पठारामुळंच आमच्या वाडीला आजपर्यंत पाणी होतं, आता कमी झालंय ते पण त्याच पठारामुळं, आणि ही गोष्ट दोन्ही बातम्यांत कुठंच नव्हती म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तर मधलं कापा, शेवटचं तेवढं ठेवा.

आधी पावसाचं सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे खरं वाटत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तिथून १८-२० किलोमीटरवर पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला गेलात की अजून कमी. आमची वाडी जावळी तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, म्हणजे पावसाला तोटा नाही. चार महिने कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवावे लागतात, गोठ्यातल्या म्हशीच्या अंगावर गोणपाट टाकावं लागतं. आणि हीच वाडी एप्रिल लागला की ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन उभी. पाहुणे हसतात. म्हणतात तुमच्याकडं तर ढगच राहायला येतात, मग टँकर कसला मागता. आता त्यांना काय सांगायचं, ढग राहायला येतात पण पाणी थांबवायला खाली काहीतरी लागतं ना.

ते काहीतरी म्हणजे पठार. आमच्या इकडचं बरंचसं पठार वरून जांभा आहे. जांभा म्हणजे कोकणात चिरे काढतात तोच तांबडा दगड, पण हा वर, हजार-बाराशे मीटरवर. हातात घेऊन बघा, अख्खा भोकाभोकांचा असतो, मधमाशांच्या पोळ्यासारखा. पाऊस पडला की पाणी त्याच्यातून खाली झिरपतं. त्याच्या खाली चिकणमातीचा थर आणि त्याच्या खाली काळा कातळ. चिकणमाती लागली की पाण्याला खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकतं, सरकत सरकत पठाराच्या कडेला येतं आणि जिथं तो थर उघडा पडलाय तिथं बाहेर फुटतं. तोच आमचा झरा. आमच्या वाडीच्या वर असे तीन होते, त्यातल्या एकाला दगडी कुंडी बांधलेली, पणजोबांच्या आधीची. पावसाळा संपून चार-सहा महिने झाले तरी ते पाणी येत राहायचं कारण वरची टाकी एवढी मोठी आणि तिचा नळ एवढा बारीक. सिमेंट नाही, मोटर नाही, लाईट बिल नाही. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री ह्या पाच नद्या क्षेत्र महाबळेश्वरला एकाच देवळात गोमुखातून निघतात असं आपण म्हणतो, ते श्रद्धेचं आहेच, पण पठाराच्या पोटात पाणी साठतं आणि सगळ्या बाजूंनी बाहेर पडतं हे कुणीतरी फार पूर्वी बघून ठेवलेलं होतं असं मला वाटतं.

आता हेच पठार सातबाऱ्यावर बघा. पोटखराबा, वर्ग अ, लागवडीस अयोग्य. म्हणजे पोटातली खराब जमीन. आकार नाही, पीक नाही, किंमत नाही. ज्यानं हा शब्द काढला त्याला महसूल मोजायचा होता, पाणी नाही, त्यामुळं त्याला दोष देत नाही. पण तो कागद आजही तोच चालतो आणि सगळे व्यवहार त्या कागदावर होतात.

माझी चुलती आता ऐंशीच्या आसपास आहे, शाळा नाही बघितली. ती लहानपणापासून पठारावर गुरं घेऊन जायची. तिला विचारलं पठारावर काय असतं तर ती महिन्यानं सांगते. पहिल्या पावसानंतर कातळाच्या भेगांतून कंद फुटतात. श्रावणात डबकी भरतात. भादव्यात गेंद येतो, पांढरी बटणं शिवल्यासारखा, आणि त्याच्या कडेकडेनं निळी सीतेची आसवं, पिवळा कवला, तेरडा. दसऱ्यापर्यंत खेळ खलास, मग नुसतं वाळकं गवत. तिचं एक वाक्य मला आता कळतं, “गेंद जिथं दाट, तिथनं खाली पाणी जातंय बघ, तिथं गुरं बसवायची न्हाईत.” पुस्तकातली माणसं पण साधारण हेच सांगतात, गेंद आणि सीतेची आसवं ही पाणी साचणाऱ्या, पातळ मातीच्या जागेतली झाडं आहेत, माती दोन-चार इंच, खत नावाचा प्रकार नाही, म्हणून तर आसवांसारखी आणि दवबिंदूसारखी झाडं किडे खाऊन पोट भरतात. त्या जागेवर ट्रकभर माती टाकली की ती झाडं गेली समजा. परत येत नाहीत. आणि ज्याला ओसाड म्हणताय त्याच प्रकारच्या कासच्या पठाराला २०१२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं, तिथं तिकीट काढून लोक बघायला येतात. आमच्या पठाराला तिकीट नाही एवढाच फरक.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो म्हणजे कुणाला वाटायला नको की हा दुसऱ्याच्या नावानं बोंब मारतोय. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही भावकीतल्यांनी पठारावरचा आमचा तुकडा विकला. पोटखराबाच होता. तिथं नाचणी सुद्धा धड होत नव्हती, पूर्वी उतारावर कुमरी करायचे, झुडपं तोडून जाळून वरी-नाचणी घ्यायची आणि मग काही वर्षं जमीन तशीच सोडायची, ते पण बंद झालेलं कारण करणारी पोरं मुंबईला. आमच्या जावळी-पाटणची निम्मी माणसं माथाडीत, तुम्हाला माहितीच आहे. एजंट आला, म्हणाला दगडाचे पैसे येतायत, घ्या. घेतले. बहिणीचं लग्न झालं त्यात, खोटं कशाला बोलू. मी पण सही केलीय.

घेणाऱ्यानं पहिल्यांदा रस्ता काढला. रस्त्यासाठी पठाराची कड जेसीबीनं उभी कापली, आठ-दहा फूट. त्या पावसाळ्यात कापलेल्या भिंतीतून जिथं तिथं पाणी गळायला लागलं, गटारातून धो धो, आम्ही पोरांना घेऊन बघायला गेलो होतो, म्हणलं बघा केवढं पाणी आहे आपल्याकडं. हसूच येतं आता. कारण ते पाणी म्हणजे आमच्या झऱ्याचंच पाणी होतं. जे आत आडवं सरकत सरकत सहा महिन्यांनी आमच्या कुंडीत यायचं ते रस्त्याच्या कापात मोकळं झालं आणि ऑगस्टमध्येच गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून धरणाला गेलं. टाकीच्या बुडाला भोक पाडावं तसं. त्यानंतर प्लॉट पाडले, कातळ फोडून सपाट केला, डबकी बुजवली, वर मुरूम आणि खालून आणलेली लाल माती, लॉन लावलं. जे पाणी मुरायचं ते वाहायला लागलं. मग लॉनला पाणी पाहिजे म्हणून बोअर. बोअर चारशे फुटांच्या वर गेली, म्हणजे चिकणमातीचा थर भोसकून खालच्या कातळात. वरच्या थरात धरून ठेवलेलं पाणी त्या भोकातून खाली जातं असं मला एका भूजलवाल्या साहेबांनी कागदावर काढून दाखवलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तीन झऱ्यांपैकी एक चार-पाच वर्षांत गेला. दुसरा दिवाळीपर्यंत. कुंडीवाला अजून चालू आहे पण पूर्वी आई म्हणायची हंडा ठेवून चुलीला लाकूड घालून येईपर्यंत भरतो, आता हंडा ठेवून बायका बसतात, मोबाईल बघतात, एकमेकींची डोकी बघतात. आमच्या आईच्या वेळेला कुंडीवर भांडण नव्हतं. आता नंबर लागतो आणि नंबरावरून दोन घरं बोलत नाहीत.

झाडांचं आता. झाडं लावू नका असं मी म्हणत नाही, कुणी तसं छापू नका. महाबळेश्वरच्या बाजूला जे जुनं रान आहे, जांभूळ, अंजनी, पिसा, बुटकी बुटकी झाडं शेवाळानं भरलेली, ते एक झाड जरी तुटलं तर मला वाईट वाटतं. त्या रानाखालची माती पाय ठेवला की दबते, स्पंजसारखी, तिथं पाऊस जमिनीवर वाहत नाही, आत जातो. पण पठार म्हणजे ते रान नाही. कातळावर खड्डा घ्यायचा तर ब्रेकरनं घ्यावा लागतो, त्यात बाहेरची माती भरायची, आणि लावायचं काय तर जे रोपवाटिकेत स्वस्त मिळतं आणि गुरं खात नाहीत ते. आमच्या उतारावर पूर्वी सरकारी योजनेत ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलेली. हिरवीगार दिसते, फोटोत छान येते. तिच्याखाली पाला पडतो तो लवकर कुजत नाही, गवत येत नाही, कारवी येत नाही, गुरं जात नाहीत. आणि ती बारा महिने पाणी ओढते. आमचं गवत दिवाळीला वाळून मोकळं होतं, त्याला उन्हाळ्यात पाणी लागतच नाही, हा फरक कुणी लक्षात घेत नाही.

हे माझं मत नाही नुसतं, मोजलेलं आहे. तिकडं तामिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात (आपण झाडाला पण निलगिरीच म्हणतो, जसं काही ते तिथलंच, आहे ते ऑस्ट्रेलियाचं) वरती मूळचं गवताळ रान आणि मधे मधे घळींत शोला, म्हणजे तिथलं बुटकं दाट जंगल. इंग्रजांच्या काळापासून तिथल्या गवतावर निलगिरी आणि वॅटल (ती पण ऑस्ट्रेलियन बाभळीतलीच) लावत गेले, जळणासाठी, नंतर कारखान्यांसाठी. उटीजवळ ग्लेनमॉर्गनला मृद व जलसंधारणाच्या सरकारी संशोधन केंद्रानं शेजारी शेजारी दोन पाणलोट घेतले, एक तसाच गवताचा ठेवला, दुसऱ्यात १९७२ ला निलगिरी लावली, आणि वर्षानुवर्षं दोन्हींतून किती पाणी येतं ते मोजलं. पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत निलगिरीवाल्याचं पाणी १६ टक्क्यांनी कमी झालं, आणि झाडं तोडून बुंध्यांना परत फुटवे आल्यावर दुसऱ्या फेरीत त्याहून जास्त. सगळ्यात जास्त फटका बसला उन्हाळ्यातल्या बारीक प्रवाहाला. म्हणजे नेमका ज्याच्यावर आमचा हंडा भरतो तो.

उलट बाजू पण सांगतो. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे ह्याच सह्याद्रीत, चांगलं जंगल, तुडवून खराब झालेलं जंगल आणि बाभळीची लागवड अशा तिन्ही ठिकाणी मोजमाप झालंय. चांगल्या जंगलात पाणी सगळ्यात चांगलं मुरतं, तुडवलेल्या जमिनीवरून वाहून जातं, आणि बाभूळ लावून बरीच वर्षं झाली तरी जमीन पूर्ण सुधारत नाही. म्हणजे झाड पाणी मुरवतं पण आणि पितं पण, कुठली जमीन, कुठलं झाड, आधी तिथं काय होतं, ह्यावर हिशोब जमा की वजा ते ठरतं. उघड्या पडलेल्या, घसरणाऱ्या उतारावर हिरडा-जांभूळ लावा, मी स्वतः घमेलं घेऊन येतो. कातळावर गेंदाच्या डबक्यात लावू नका.

आणि नुसतं हात लावू नका असं म्हणूनही भागत नाही. कासला कुंपण घातलं होतं, गुरं बंद केली, फुलं वाचतील म्हणून. मग काही वर्षांनी बोंब झाली की गवतच माजलं आणि फुलं कमी दिसायला लागली, शेवटी कुंपण काढलं. चुलतीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग? आमची गुरं काय फुलं तुडवायला जात व्हती व्हय?” पठार हे माणूस आणि गुरं धरून पठार आहे. त्याची सवय ज्यांना आहे त्यांना बाजूला काढून ते टिकत नाही, आणि ज्यांना सवय नाही त्यांना विकूनही टिकत नाही. वणवा मात्र आमच्याच लोकांचा दोष, गवत चांगलं येतं म्हणून पेटवतात, मग तो उतारावरच्या रानात शिरतो, त्याला माझ्याकडं काही उत्तर नाही.

दरडींबद्दल लिहू की नको असं झालं होतं. २२-२३ जुलै २०२१ ला आमच्या शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला, पलीकडं महाडजवळ तळीये गेलं. त्यातल्या एका गावात माझे सोयरे होते, जास्त लिहीत नाही. लोक लगेच म्हणतात प्लॉटिंगमुळं, पवनचक्क्यांमुळं. मला तसं सरसकट म्हणवत नाही. त्या एका दिवसात महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता, एवढं पाणी आलं तर चांगलं रान पण सरकू शकतं. पण जिथं रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापलाय, जिथं वरचं पाणी वाट बदलून भलत्याच घळीत सोडलंय, तिथं तुम्ही डोंगराला मदत करत नाही एवढं तर कुणालाही कळतं. निदान कापताना कुणीतरी भूगर्भवाला येऊन बघून जावा, बांधकाम परवानगीला चार जणांच्या सह्या लागतात, त्यात ही एक का नाही.

कायद्याचं म्हणाल तर महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासूनच इको सेन्सिटिव्ह, म्हणजे निसर्ग नाजूक म्हणून बांधकामावर बंधनं असलेला भाग, आहे. पुढं सगळ्या पश्चिम घाटासाठी गाडगीळ समितीचा अहवाल २०११ ला आला, त्यावर एवढा आरडाओरडा झाला की दुसरी समिती बसवली, तिचा २०१३ ला आला, आणि तेव्हापासून घाटातला कुठला भाग इको सेन्सिटिव्ह करायचा ह्याचे मसुद्यावर मसुदे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडला दरड कोसळून शेकडो माणसं गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर आहे. आमच्या गावात ह्या विषयाची सभा लागली की लोक चिडतात, आणि मला त्यांचं चुकतं असं वाटत नाही. गोठ्यावर पत्रा टाकायला परवानगी मागायला लावतात आणि वरच्या पठारावर तीन मजली ‘फार्महाऊस’ उभं राहतं, मग माणूस कायद्याच्या बाजूनं का बोलेल. आता तर सातारा, जावळी, पाटण मिळून दोनशेच्या वर गावांत नवीन महाबळेश्वर करायचं चाललंय. रोजगार येईल म्हणतात, येईलही, आमच्या पोरांना पाहिजेच आहे. जुन्या महाबळेश्वरात स्ट्रॉबेरीनं घरं उभी राहिली हे आम्ही डोळ्यानं बघितलंय. पण जुन्या महाबळेश्वरासाठी साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधून घेतला, म्हणजे गावाबरोबर पाण्याचाही विचार झाला. नव्याच्या आराखड्यात रस्ते दिसतात, रोप-वे दिसतो, झरे कुठं आहेत आणि त्यांना पाणी कुठल्या पठारावरून येतं हे दाखवणारा नकाशा मला तरी कुणी दाखवला नाही.

हा नकाशा काढणं अवघड नाही म्हणून तर राग येतो. सिक्कीमनं २००८ च्या सुमाराला धारा विकास म्हणून काम सुरू केलं. झरा कुठं आहे ते नोंदवायचं, खडकाचे थर कुठल्या बाजूला झुकलेत ते बघायचं, मग वर कुठं पाणी मुरतं ती जागा शोधायची आणि फक्त तिथंच चर मारायचे, बाकी ठिकाणी उगाच नाही. आणि त्या कामात थरांचं शास्त्र शिकवायला आपल्या पुण्यातली अ‍ॅक्वाडॅम ही संस्था होती. पुण्याची माणसं सिक्कीमला जाऊन झरे वाचवतात आणि पुण्यापासून तीन तासांवर आमचे आटतात, आता ह्याला काय म्हणायचं.

मागणी म्हणाल तर मोठी नाही. पठारावरच्या पोटखराब्यात जिथं झऱ्याचं पाणी मुरतं तेवढ्या जागेची सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद व्हावी, जशी विहिरीची होते, वहिवाटीच्या रस्त्याची होते. विकायची बंदी नको, नोंद असली की घेणारा आपोआप विचारतो. त्या जागेवर सपाटीकरण, भराव, बोअर आणि खड्डे घेऊन वृक्षारोपण हे चार प्रकार ग्रामसभेला विचारल्याशिवाय नकोत. आणि दर महिन्याला प्रत्येक झरा मोजायचा, बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच, बाकी काही लागत नाही. आमच्या शाळेतल्या सातवीच्या पोरांनी डिसेंबरपासून सुरू केलंय, वहीत लिहितात. दहा लिटरची बादली, डिसेंबरात दीड मिनिट, मार्चमध्ये सहा, परवाच्या रविवारी चौदा मिनिटं वीस सेकंद.

तुमच्या वार्ताहराला एकदा पाठवा. सकाळी लवकर निघा म्हणावं, दहानंतर कातळ तापतो, चपला चालत नाहीत, बूट घाला. चुलतीला वर चढता येत नाही आता पण ओट्यावर बसून ती सगळं सांगते. चहा देऊ. पाणी मात्र येताना घेऊन या.

आपला,
एक वाचक
ता. जावळी, जि. सातारा

(गावाचं नाव छापू नये, ज्यांना जमीन विकली ते आणि आम्ही अजून एकाच रस्त्यानं जातो येतो.)